टक्केवारी आणि मूठ

यंत्रात सापडून कामगाराचा अंगठा गेला, तर कायद्याच्या लेखी त्याच्या कमाईच्या ताकदीतले ३० टक्के गेले. तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट गेले तर १२, करंगळी गेली तर ७. हे कोष्टक १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण कोष्टक पुढे तसेच चालू राहिले. कार्यकर्त्यांना ते बहुधा पाठ असते. अपघात झाला की आपण टक्के किती हे विचारतो, अर्ज लिहितो, तारखांना जातो. हात पुन्हा मिटेल का, हा प्रश्न मात्र आपल्या अर्जात कुठेच नसतो.

पाचही बोटे जागेवर असलेला हातसुद्धा निकामी होऊ शकतो. पॉवर प्रेसखाली चेंगरलेला हात काही आठवडे प्लास्टरमध्ये राहतो. सूज साचते, सांध्याभोवतीचे आवरण आखडते, बोटे वाकवणाऱ्या दोऱ्या, म्हणजे स्नायुबंध, जखमेच्या वणाला चिकटून बसतात. हाड जुळलेले असते, क्ष-किरण फोटो चांगला दिसतो, आणि कामगाराला फावड्याचा दांडा धरता येत नाही. भौतिकोपचार, लोकांच्या भाषेत फिजिओथेरपी, हे काम नेमके इथे सुरू होते. हात हृदयाच्या वर धरून सूज उतरवणे, प्लास्टरबाहेरची बोटे, कोपर आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलते ठेवणे, प्लास्टर निघाल्यावर मेणाचा शेक देऊन सांधा थोडा थोडा वाकवणे, आणि शेवटी ज्या कामावर परत जायचे त्याच कामाचा सराव. तुटलेला स्नायुबंध शिवला असेल तर कोणते बोट किती हलवायचे हे तज्ज्ञच सांगतो; आपल्या मनाने ओढले तर शिवण तुटते. जोराच्या मालिशीचा आपल्याकडे फार विश्वास आहे. कोपर मोडल्यावर तशी मालिश केली तर स्नायूतच हाड धरण्याचा धोका असतो, हे वस्तीत सांगितले पाहिजे. या सगळ्यात सुरुवातीचे आठवडे महत्त्वाचे. सहा महिन्यांनी आखडलेला सांधा सोडवणे फार कठीण.

आता कोष्टकाकडे पुन्हा पाहू. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट ही मुठीच्या जोराची बोटे आहेत. घण, कुदळ, पोत्याचा कान, हातगाडीचा दांडा यांची पकड हीच बोटे घट्ट करतात. कायदा या दोघींना सात-सात टक्के देतो, आणि हमालाच्या करंगळीला जेवढे तेवढेच कारकुनाच्या करंगळीला. कोष्टक समान आहे, पण हात समान नाहीत. ज्याच्याकडे शेत नाही, दुकान नाही, कचेरीत नातेवाईक नाही, त्याचे सारे भांडवल ही पकड असते. अपघातानंतर हलके काम द्यावे असा शेरा डॉक्टर लिहितात. कारखान्यात हलके काम म्हणजे स्टोअरची नोंद, हजेरीपत्रक. ते लिहायला शाळा लागते, आणि शाळा कोणाला मिळाली नाही हे या वाचकांना सांगायला नको.

यातून एक विपरीत सल्ला जन्माला येतो. तपासणी होईपर्यंत व्यायाम करू नको, हात सुधारला तर टक्के उतरतील. दलाल हे सांगतो, आणि वाईट वाटते ते हे की कधीकधी आपलाच माणूसही सांगतो. हिशेब करून पाहू. वय ३०, मजुरी महिना १०,००० रुपये. मजुरीचे ६० टक्के, म्हणजे ६,०००, त्याला या वयाचा गुणक २०७.९८, पूर्ण अपंगत्वाची रक्कम १२,४७,८८०. त्याचे सात टक्के म्हणजे सुमारे ८७,३५० रुपये. नऊ महिन्यांची मजुरीही भरत नाही. तेवढ्यासाठी पुढची तीस वर्षे कुदळ न धरता येणारा हात ठेवायचा! शिवाय जुन्या कायद्यात असे कलमही होते की कामगाराने उपचार टाळल्यामुळे इजा वाढली, तर उपचार घेतला असता तर जेवढी राहिली असती तेवढ्याच इजेची भरपाई मिळावी. म्हणजे हात जातो आणि पैसाही.

तरीही दोष सल्ला ऐकणाऱ्याला देऊन भागत नाही. व्यायामाला वेळ लागतो आणि वेळ विकत घ्यावा लागतो. नुकसानभरपाईच्या कायद्यात तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला मासिक मजुरीच्या २५ टक्के, म्हणजे अर्धी मजुरी. राज्य कामगार विम्यात तीच ९० टक्के, आणि औषधोपचार विम्याचा. विमा असलेल्याला दीड महिना शेक घेत बसणे कसेबसे परवडते. विमा नसलेला अर्ध्या मजुरीवर दुसऱ्याच आठवड्यात ठेकेदाराच्या दारात उभा राहतो. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यावा हे तर १९२३ च्या कायद्यात २००९ ची दुरुस्ती होऊन, २०१० पासूनच आले. त्याआधीची आठ दशके कायदा गेलेल्या बोटाचे पैसे देत होता, बोट वाचवण्याचे नाही.

विम्याचा हा फरक आपोआप झाला नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद झाली, आणि त्यानंतर लगेच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते हाती घेतले. त्यांच्याच कारकिर्दीत, मार्च १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकरांकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली. १९४४ मध्ये अहवाल आला. १९४८ चा कायदा झाला तेव्हा मजूरमंत्री जगजीवनराम होते. नागपुरात विमा १९५४ मध्ये आला. त्या वेळी एम्प्रेस आणि मॉडेल मिल चालू होत्या, आणि शहरातल्या महार वस्त्यांतून हजारो माणसे तिथे पाळीला जात. गिरण्या गेल्या. आज काम हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत आहे, आणि तिथला मोठा भाग ठेकेदाराच्या नावावर. विम्याचे रुग्णालय सक्करदऱ्याजवळ सोमवारी पेठेत. बुटीबोरीहून तिथे शेकाला जायचे म्हणजे अर्धा दिवस गेला.

म्हणून अपघाताच्या दिवशीच काही गोष्टी करून घ्याव्या. अपघाताच्या नोंदवहीत नाव, वेळ आणि यंत्र लिहून घ्यावे. ठेकेदार नोंद करत नसेल तर मूळ मालकाकडे मागणी करावी, कारण ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते. विम्याचा क्रमांक आहे का ते पाहावे. तो नसेल तर मेडिकल किंवा मेयो गाठावे. डॉक्टरांकडून फक्त विश्रांतीचा दाखला न घेता भौतिकोपचाराची चिठ्ठी लेखी मागावी, आणि प्रत्येक खेपेची पावती, बसभाड्याच्या तिकिटासकट, जपून ठेवावी. बोट किती अंश वाकते आणि मुठीचा जोर किती, हे फिजिओथेरपिस्ट मोजतो. तो कागद मागून घ्यावा. मन लावून व्यायाम केल्यावरही जे उरते ते खरे अपंगत्व, आणि मंडळापुढे ते सिद्ध करायला हाच कागद उपयोगी पडतो.