बिल शून्य, पण पाणी किती? शेततळ्यावरील मोटारीचा हिशेब



साडेसात एच.पी.पर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे मोफत वीज देण्याची योजना शासनाने २०२४ साली जाहीर केली. तेव्हापासून बांधावर मोटारीचा विषय काढला, की आम्हांला ठरलेले उत्तर मिळते, "साहेब, बिलच येत नाही, मग वीज वाचवून करायचं काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख.

बिल शून्य झाले म्हणून लाईटीचे तास काही वाढले नाहीत. थ्री फेज लाईट मोजके तासच मिळते. ज्यांनी सौर पंप बसविला, त्यांचे तास तर सूर्यनारायणाच्या हाती. तेव्हा आपल्याकडे वीज वाचविणे म्हणजे पैसे वाचविणे एवढाच अर्थ नाही. तेवढ्याच तासांत जास्त पाणी काढणे, हा खरा अर्थ आहे. मे महिन्यात सुरू उसाला फुटवे येत असतात, खोडवा जोर धरत असतो. त्या दिवसांत पाण्याची एक पाळी चुकली तर फुटवे मरतात, आणि मेलेला फुटवा नंतर कितीही युरिया टाकला तरी परत येत नाही. टनेज तिथेच जाते.

आधी हिशेब समजून घेऊ

एक लाख लिटर पाणी १० मीटर उंच चढवायला कमीत कमी पावणेतीन युनिट वीज लागते. हा निसर्गाचा नियम आहे, त्यातून कोणाची सुटका नाही. परंतु मोटार, पंप, फूटव्हॉल्व्ह आणि पाईप यांतून वीज गळत जाते. चांगला जमलेला संच शंभरातली ४५ भाग वीज पाण्याच्या कामी लावतो. हयगय झालेला संच २५ भागांवर येतो.

आता ५ एच.पी.ची मोटार घ्या. ती साधारण साडेचार किलोवॅट वीज ओढते. उंची आणि पाईपातले घर्षण मिळून २० मीटर धरू. चांगला संच सेकंदाला १० लिटर पाणी देईल, म्हणजे आठ तासांत जवळजवळ तीन लाख लिटर. खराब संच त्याच आठ तासांत पावणेदोन लाखांच्या आतच राहील. सरीने पाणी दिले तर एकरी एका पाळीला अडीच ते तीन लाख लिटर लागतात. म्हणजे एकाचा एकर एका दिवसात भिजतो, दुसऱ्याला दोन दिवस दारे धरावी लागतात. मीटर दोघांचे सारखेच फिरते.

आपली मोटार कोणत्या बाजूला आहे, हे पाहायला इंजिनिअर नको. पाईपाच्या तोंडाशी २०० लिटरचा ड्रम लावा आणि घड्याळ धरा. वरच्या उदाहरणात २० सेकंदांत ड्रम भरला तर संच झकास, ३५ सेकंद लागले तर दुखणे आहे असे समजा.

पोहण्याच्या तलावाकडून शिकण्यासारखे

शहरातल्या बंगल्यांतून पोहण्याचे तलाव असतात. त्यांची आणि आपल्या शेततळ्याची जात एकच. साठलेले पाणी, मोटार, वाळूचा फिल्टर आणि वरून ऊन. तिथले जाणकार मोटार हळू चालवून वीज वाचवितात. पंपाचा वेग निम्मा केला, तर पाणी निम्मे येते पण वीज सुमारे एक अष्टमांश लागते. दुप्पट वेळ चालविला तरी चौथ्या हिश्श्यात काम भागते. कारण तिथे पाणी उंच चढवायचे नसते, नुसते फिरवायचे असते. सगळी झुंज घर्षणाशी.

आपल्याला पाणी चढवायचे आहे आणि तासही मोजके आहेत. म्हणून मोटार हळू चालवणे आपल्याला परवडणार नाही. पण पाईपातले पाणी हळू चालविणे आपल्या हाती आहे. त्यासाठी पाईप मोठा हवा. हजार फूट पाईपलाईनमधून सेकंदाला ७ लिटर पाणी न्यायचे असेल, तर ७५ मिलिमीटरच्या पी.व्ही.सी. पाईपात सुमारे १३ मीटर उंचीइतका जोर नुसत्या घर्षणात जातो. तोच पाईप ९० मिलिमीटरचा घेतला, तर पाच मीटरच्या आसपास. म्हणजे पंचवीस फुटांची चढण कमी झाली! पाईप एकदाच घ्यायचा असतो, घर्षण मात्र रोज भरावे लागते.

विहिरीवर काय पाहावे

फूटव्हॉल्व्ह हे मोटारीचे तोंड. जाळी गाळाने आणि शेवाळाने बुजली, की मोटारीचा घसा दाबल्यासारखे होते. आयएसआय मार्कचा, मोठ्या जाळीचा फूटव्हॉल्व्ह घ्यावा. सक्शन पाईप डिलिव्हरीपेक्षा एक साईज मोठा असावा आणि काटकोनी एल्बोऐवजी लांब गोलाईचा बेंड बसवावा. मोटार पाण्यापासून २० फुटांच्या आत ठेवावी. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खोल जाते आणि मोटार मात्र दिवाळीतल्याच जागेवर राहते, हे आम्ही गावोगाव पाहतो. ग्लँडमधून हवा ओढली जात नाही ना, तेही बघावे.

वरचेवर रिवाइंडिंग केलेली मोटार वीज जास्त खाते, आणि झिजलेला इंपेलर पाणी कमी देतो. पंप नवा घ्यायची वेळ आली, तर शेजाऱ्याने साडेसात घेतला म्हणून आपणही साडेसात, असे करू नये. उंची आणि लागणारे पाणी सांगून पंप निवडावा आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे स्टार असलेला घ्यावा. आपल्याच राज्यात सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा उपविभागात असे दोन हजारांहून अधिक जुने पंप बदलून स्टारचे पंप बसविले गेले. देशातला तो या प्रकारचा पहिला पथदर्शी प्रकल्प होता.

शेततळ्यावर काय पाहावे

शेततळ्यात पाणी सोडताना पाईप बांधाच्या वर खांबाला बांधून उंचावरून धार पाडण्याची आपल्याकडे हौस आहे. धार दिसायला छान दिसते, पण पाण्यापेक्षा दहा फूट उंच पाईप म्हणजे तीन मीटर फुकट चढण. वीस मीटरच्या उदाहरणात आठ तासांतला तासभर त्यातच जातो. पाईप बांधावरून खाली आणून तोंड पाण्यात बुडवावे. मोटार बंद झाल्यावर पाणी उलटे विहिरीत जाऊ नये म्हणून नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, आणि धारेने प्लॅस्टिकचा कागद फाटू नये म्हणून तोंडाखाली जुनी ताडपत्री अंथरावी.

ठिबकसाठी पाणी उचलताना सक्शनचे तोंड तळाशी नको, गाळ येतो. अगदी वरही नको, शेवाळ येते. तरंगत्या ड्रमाला बांधून दीड-दोन फूट खाली ठेवावे. वाळूच्या फिल्टरच्या आधी आणि नंतर प्रेशर गेज असते. दोन्हींतला फरक अर्ध्या किलोवर गेला की लगेच बॅकवॉश करावा. हा अर्धा किलो म्हणजे पाणी पाच मीटर जादा चढविण्यासारखे आहे. कित्येक ठिकाणी गेजची काच फुटलेली आणि काटा अडकलेला असतो. नवे गेज फार महाग नाही.

शेततळे रानाच्या वरच्या अंगाला असेल, तर सोन्याहून पिवळे. दहा मीटर उतार मिळाला तर एक किलो दाब मोटारीशिवाय मिळतो, घर्षणाचे तेवढे वजा. लाईट नसतानाही ठिबक चालते.

ऊन आणि वारा पितात ते पाणी

तीस मीटर लांब, तीस रुंद आणि तीन मीटर खोल शेततळ्यात उतार धरून सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात दिवसाला सात मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर शंभर दिवसांत सव्वापाच लाख लिटरच्या आसपास हवेत जाते. म्हणजे जवळजवळ दोन एकरांची एक पाळी, आणि खराब मोटारीच्या तीन दिवसांची लाईट वाऱ्यावर. वारा येतो त्या बाजूला बांधाबाहेर दाट गवताचे किंवा झुडपांचे कुंपण करावे, जमेल तिथे शेडनेट टाकावे. नवीन शेततळे पसरट करण्यापेक्षा खोल करावे. विहिरीला पाणी टिकत असेल तर तळे फार आधी काठोकाठ भरून ठेवू नये.

डी.पी. सांभाळा

एक गोष्ट आपल्या एकट्याची नसून सगळ्या डी.पी.ची आहे. लाईट आली की ऑटो स्विचवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, आणि कपॅसिटर तर कधीच काढून फेकलेले असतात. मग डी.पी. जळते, दुरुस्त होऊन येईपर्यंत पंचवीस-तीस शेतकऱ्यांचा ऊस वाळतो. ५ एच.पी.ला २ केव्हीएआरचा कपॅसिटर लावावा. त्याने आपले मीटर फारसे कमी फिरणार नाही, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. पण लाईनवरचा भार उतरतो, दाब टिकतो आणि मोटार कमी तापते. एका डी.पी.वरच्या सभासदांनी एकत्र बसून मोटारी मागेपुढे चालू करण्याची पाळी ठरवावी.

शेवटी जिवाचे सांगतो. फूटव्हॉल्व्ह साफ करण्यापूर्वी मेन स्विच काढून फ्यूज खिशात ठेवावा. शेततळ्याचा कागद निसरडा असतो, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. एकट्याने उतरू नये. चारी बाजूंना दोरखंड आणि टायरची शिडी सोडून ठेवावी, लेकरांसाठी कुंपण घालावे. पाण्याची पाळी चुकली तर पुढची देता येते, माणूस परत येत नाही.

ज्या सभासदांना आपल्या मोटारीचे पाणी मोजून हवे असेल, त्यांनी गट कार्यालयात किंवा आपल्या चिटबॉयकडे निरोप द्यावा. ऊस विकास विभागाची माणसे ड्रम आणि घड्याळ घेऊन बांधावर येतील. मार्च संपायच्या आत मोजलेले बरे. मे महिन्यात दुखणे समजून उपयोग नाही, तेव्हा ऊस वाट पाहत नसतो.

ऊस विकास अधिकारी