चित्तोद्वेगात धावण्याचा व्यायाम : मात्रा, काल आणि पात्र

'झोप लागत नाही, छातीत धडधडते, कशातच मन रमत नाही,' ही तक्रार सावेडीतील वैद्यांना जितकी परिचित आहे तितकीच औषधी दुकानाच्या काउंटरवर बसणाऱ्या आपल्या बंधूंनाही आहे. अशा रुग्णास ब्राह्मी, जटामांसी किंवा अश्वगंधेचा एखादा कल्प दिला जातो आणि निघताना 'थोडा व्यायाम करा' असे सांगितले जाते. चूर्णाची मात्रा आपण ग्रॅममध्ये लिहून देतो, अनुपान सांगतो, काल सांगतो. व्यायामाची मात्रा मात्र रुग्णाच्या मर्जीवर सोडून देतो. वास्तविक व्यायाम हेही या विकारात द्रव्यासारखेच मोजून द्यावयाचे साधन आहे.

चरकाचार्यांनी विषाद, अनिद्रा आणि चित्ताची अनवस्थितता या तिन्हींची गणना वाताच्या ऐंशी नानात्मज विकारांत केली आहे. अग्र्यसंग्रहात रोग वाढविणाऱ्या भावांत विषादास आणि स्थैर्य देणाऱ्या भावांत व्यायामास अग्रस्थान दिले आहे. अतिचिंतनाने रसवह स्रोतसे दूषित होतात, हेही त्यांचेच निरीक्षण. चिंताग्रस्त रुग्णाची अरुची, अंगाचे जडत्व आणि हृदयप्रदेशीची अस्वस्थता एकत्र का दिसते, याचे उत्तर तेथे मिळते.

आधुनिक संशोधनाचा कलही याच दिशेने आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पन्नाशीपुढील १५६ विषादग्रस्त रुग्णांचे तीन गट करण्यात आले : एकास देखरेखीखाली व्यायाम, दुसऱ्यास सर्ट्रालिन, तिसऱ्यास दोन्ही. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गटांतील सुधारणा जवळजवळ सारखी होती. औषधाचा परिणाम मात्र आधी दिसू लागला होता. २०२३ साली ॲमस्टरडॅम येथील १४१ रुग्णांच्या अभ्यासात औषध आणि सामूहिक धावणे यांची तुलना झाली. दोन्ही गटांत सुमारे ४४ टक्के रुग्ण बरे झाले. धावणाऱ्यांचे वजन, कंबरेचा घेर आणि रक्तदाबही सुधारला. यातील बहुतेक रुग्णांनी आपला उपचार स्वतः निवडला होता, ही मर्यादा लक्षात ठेवावी. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे : औषध ८२ टक्के रुग्णांनी ठरल्याप्रमाणे घेतले, तर धावण्याचा क्रम केवळ ५२ टक्क्यांनी पाळला. धावणे गुणकारी आहे, परंतु ते टिकविणे कठीण आहे. आणि ज्याचे मनच खचले आहे त्याला ते सर्वाधिक कठीण जाते. वैद्याचे खरे काम येथे सुरू होते.

'धावल्यावर एन्डॉर्फिन स्रवते म्हणून बरे वाटते' हे वाक्य आता सर्वतोमुखी झाले आहे. तथापि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात एन्डॉर्फिनचा मार्ग औषधाने रोखूनही धावणाऱ्यांची चिंता कमी झालीच. तेव्हा रुग्णास समजावताना हे स्पष्टीकरण बेताने वापरावे.

आता मात्रा. बलवान व स्निग्धभोजी मनुष्याने शीतकाली व वसंतात अर्धशक्ती व्यायाम करावा आणि अन्य ऋतूंत त्याहून कमी, हे वाग्भटाचे मत सर्वांस ठाऊक आहे. अर्धशक्ती ओळखावी कशी? सुश्रुताचार्यांनी हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागणे हे लक्षण सांगितले आहे. कपाळ, नाक, काख व सांधे येथे घाम आणि मुखशोष यांचाही उल्लेख टीकाकार करतात. धावताना सोबत्याशी बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, ही आजच्या प्रशिक्षकांची कसोटी याहून फारशी निराळी नाही. प्रारंभी पाच मिनिटे चालणे, एक मिनिट मंद धावणे, पुन्हा दोन मिनिटे चालणे, अशा आवर्तनांनी वीस मिनिटे, आठवड्यातून तीन दिवस, एवढे पुरे. हे चिठ्ठीवर लिहून द्यावे आणि पंधरा दिवसांनी नाडी पाहताना आधी त्याचीच चौकशी करावी. सोबती मिळाल्यास क्रम टिकतो.

पात्रापात्रविचार सोडून चालणार नाही. धावणे रूक्ष, लघु आणि चल. म्हणून कृश, अनिद्र, वातप्रधान रुग्णास ते एकदम दिल्यास उद्वेग वाढतो. त्यास आधी तिळतेलाचा अभ्यंग, स्निग्ध आहार आणि केवळ चालणे. उलट गौरव, तंद्रा, स्थौल्य आणि निरुत्साह असलेल्या कफप्रधान विषादात धावण्यासारखा उपाय विरळा. धडधडीला भिणाऱ्या रुग्णास, हृदय जोरात चालूनही आपल्याला काही होत नाही, हा अनुभवच हळूहळू धीर देतो. अर्थात त्यापूर्वी हृद्रोग, पांडू आणि थायरॉइडची वृद्धी नाही याची तपासणीने खात्री करून घ्यावी.

नगरच्या वैशाखात सूर्य वर आल्यावर धावणे म्हणजे पित्तास आमंत्रण. सूर्योदयापूर्वी सावेडीच्या जॉगिंग पार्कसारखी जागा बरी. मनमाड रस्त्याच्या वाहनांच्या धुरात धावण्यापेक्षा घराच्या गच्चीवर चाललेले चांगले. पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलेही रस्त्यावर दिसतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर घड्याळाशी स्पर्धा करीत धावावयाचे असते. त्यांच्यासाठी धावणे हेच चिंतेचे कारण असू शकते. अशा तरुणास 'धाव म्हणजे मन हलके होईल' असे सांगणे व्यर्थ आहे. त्यास आठवड्यातील एक दिवस तरी घड्याळाविना, मंद गतीने धावण्यास सांगावे.

औषधी दुकानदार बंधूंना एक विशेष विनंती. मानसरोगतज्ज्ञाच्या गोळ्या चालू असलेला ग्राहक धावू लागल्यावर बरे वाटते म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू पाहतो, किंवा त्यांच्या जोडीला अश्वगंधा मागतो. गोळ्या लिहून देणाऱ्या वैद्यकास विचारल्याशिवाय त्या थांबवू नयेत, हे त्यास स्पष्ट सांगावे. झोपेच्या व थायरॉइडच्या औषधांसोबत अश्वगंधा देण्यापूर्वीही विचारणा करावी. आणि 'आता जगण्यात अर्थ नाही' असे शब्द कानी पडल्यास चूर्ण बांधून देऊ नये, व्यायामही सांगू नये. नातेवाइकास बोलवावे, मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे आणि २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्याच वेळी स्वतः लावून द्यावा.