ऐपत, दानत आणि पत

व्यापाऱ्याच्या विश्वासार्हतेविषयी मराठीत तीन शब्द प्रचलित आहेत आणि तिन्हींचा अर्थ निराळा आहे. ऐपत म्हणजे पैसे देण्याचे सामर्थ्य. दानत म्हणजे ते वेळेवर देण्याची सचोटी. या दोन्हींची बाजाराला खात्री पटली की पत निर्माण होते. ऐपत असून दानत नसलेला ग्राहक पैसे जवळ असतानाही फेऱ्या मारायला लावतो. दानत असून ऐपत नसलेला ग्राहक हात जोडतो, मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. परंतु पेढीत रक्कम जमा होत नाही. माल उधार देणाऱ्याच्या दृष्टीने शेवटी दोघांचा परिणाम एकच. म्हणून माल देण्यापूर्वी या दोन गोष्टींची पारख स्वतंत्रपणे करावी लागते.

घाऊक व्यापारात उधारी टाळता येत नाही. शेजारचा व्यापारी तीस दिवसांची मुदत देत असेल, तर केवळ रोखीचा आग्रह धरणाऱ्याच्या दारात किरकोळ दुकानदार फिरकणार नाही. तथापि उधारी हे एक प्रकारचे कर्जच आहे. बँक कर्ज देताना तारण, जामीन आणि ताळेबंद मागते. व्यापारी मात्र अनेकदा दूरध्वनीवरील एका शब्दावर लाखांचा माल गाडीत भरतो.

उधारीची खरी किंमत

समजा, एखाद्या घाऊक विक्रेत्याला विक्रीवर ५ टक्के नफा सुटतो. एक लाखाच्या मालामागे त्याला पाच हजार मिळतात. व्यवसायात गुंतलेल्या पैशावर तो बँकेला वार्षिक १२ टक्के, म्हणजे महिन्याला १ टक्का व्याज भरत असेल, तर पैसे पाच महिन्यांनी आल्यास हा नफा जवळजवळ संपूर्ण व्याजातच जातो. आणि ती एक लाखाची रक्कम बुडालीच, तर खड्डा भरून काढण्यासाठी सुमारे वीस लाखांची नवी विक्री करावी लागते. एका ग्राहकाची चूक पारख अशा रीतीने कित्येक चांगल्या ग्राहकांची कमाई खाऊन टाकते.

त्यात कराची भर पडते. १८ टक्के जीएसटी असलेला एक लाखाचा माल विकला, की अठरा हजारांचा कर देय होतो. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला तो साधारणतः पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो. ग्राहकाकडून पैसे आले की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. पुढे वसुली बुडाली, म्हणून भरलेला कर परतही मिळत नाही.

जुन्या पेढीची पारख

सतराव्या शतकात सुरतेचे जैन व्यापारी वीरजी व्होरा इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीलाही कर्जाऊ रक्कम देत असत. त्या काळी दूरच्या शहरात पैसा पोहोचवण्याचे साधन हुंडी होते. सादर होताच पैसे मिळणारी ती दर्शनी हुंडी आणि ठरलेल्या दिवसांनी मिळणारी ती मुदती हुंडी. कागदाच्या त्या तुकड्याचे मोल लिहिणाऱ्या पेढीच्या नावावर ठरे. म्हणूनच त्या नावाची चौकशी हा व्यापाराचा गाभा होता. दलाल, अडत्या, वाहतूकदार आणि हमाल यांच्या बोलण्यातून कोणाच्या गोदामात माल पडून आहे आणि कोणाची देणी लांबली आहेत, हे पेढीवर बसल्या जागी कळत असे.

हीच गरज अमेरिकेत निराळ्या मार्गाने पुढे आली. १८३७ च्या आर्थिक अरिष्टात न्यूयॉर्कच्या टॅपन बंधूंची रेशमाची पेढी बुडाली. त्यांपैकी लुईस टॅपन यांनी १८४१ मध्ये इतर व्यापाऱ्यांना ग्राहकांच्या पतीची माहिती पुरवणारी संस्था काढली. गावोगावचे वकील आणि अन्य वार्ताहर स्थानिक दुकानदारांचे भांडवल, सवयी आणि चारित्र्य यांविषयी कळवीत आणि ते वह्यांमध्ये नोंदले जाई. तेथेही ऐपत आणि दानत याच दोन गोष्टी पाहिल्या जात. फरक इतकाच, की आपल्याकडे जे वडिलांच्या स्मरणात राही, ते त्यांनी लिहून ठेवले.

ऐपत कशी पाहावी

आज प्राथमिक चौकशी घरबसल्या करता येते. जीएसटीच्या संकेतस्थळावर ग्राहकाचा नोंदणी क्रमांक टाकला, की त्याचे कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे आणि विवरणपत्रे कोणत्या तारखांना भरली, हे दिसते. जो महिनोन् महिने विवरणपत्रे भरत नाही, तो पुरवठादाराचे पैसे वेळेवर देईल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

त्या पंधरा अंकाक्षरी क्रमांकातही बरेच काही दडलेले असते. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. त्यानंतरची दहा चिन्हे म्हणजे पॅन क्रमांक आणि त्यातील चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते: 'पी' म्हणजे व्यक्ती, 'एफ' म्हणजे भागीदारी, 'एच' म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब आणि 'सी' म्हणजे कंपनी. पैसे बुडाल्यास जबाबदार कोण, हे यावरून कळते. एकट्याच्या मालकीच्या दुकानात मालकाची सर्व मिळकत देण्याला बांधील असते; भागीदारीत प्रत्येक भागीदार संपूर्ण देण्याला जबाबदार असतो. खासगी मर्यादित कंपनीचे संचालक मात्र सामान्यतः वैयक्तिकरीत्या बांधील नसतात. बंगला, गाडी सर्व काही संचालकाचे असते आणि कंपनीच्या नावावर केवळ फलक असतो. अशा ग्राहकाला मोठी उधारी देण्यापूर्वी संचालकांची लेखी वैयक्तिक हमी घेणे हाच शहाणपणा होय.

कागद पाहून झाल्यावर दुकान पाहावे. फळ्यांवर धूळ साचली आहे की माल फिरतो आहे, गल्ल्यावर कोण बसते, हे एका भेटीत कळते. जागा भाड्याची असणे हा दोष नव्हे. मात्र नवे दुकान, नवी जागा आणि पहिल्याच वेळी मोठी मागणी, हे तिन्ही एकत्र आले तर थांबावे.

दानत कशी ओळखावी

दानत कोणत्याही संकेतस्थळावर दिसत नाही. ती वर्तनातून उमगते. त्यासाठी ग्राहकाला माल देणाऱ्या अन्य दोन-तीन पुरवठादारांना विचारावे. "माणूस कसा आहे?" या प्रश्नाला सर्वत्र "चांगला आहे" हेच उत्तर मिळते. त्याऐवजी "किती दिवसांची मुदत दिली आहे आणि पैसे किती दिवसांनी येतात?" असे विचारले, तर उत्तरात आकडा येतो आणि आकडा बोलका असतो. ग्राहकाने सुचवलेल्या नावांखेरीज एखादे नाव स्वतः शोधून तेथेही विचारावे.

बाजारातील अनुभवी मंडळी काही खुणा आवर्जून सांगतात. भावात मुळीच घासाघीस न करणारा उधारीचा ग्राहक संशयास्पद असतो; ज्याला पैसे द्यायचेच नाहीत, त्याला भावाचे काय? जुना पुरवठादार सोडून अकस्मात आलेला ग्राहक तेथील थकबाकी मागे ठेवून आलेला असू शकतो. पहिले दोन-तीन छोटे व्यवहार चोख करून चौथ्या वेळी अनेक पट माल उचलण्याची युक्तीही जुनीच आहे. नेहमीचा ग्राहक बिलाची पूर्ण रक्कम न देता सतत गोल आकड्यांत थोडेथोडे पैसे पाठवू लागला, तर त्याच्याकडे रोकड कमी पडत असल्याची ती पहिली सूचना समजावी.

मर्यादा रुपयांची आणि दिवसांची

पारख झाल्यावर उत्तर केवळ "द्यावे" किंवा "देऊ नये" असे नसते. किती आणि किती दिवस, हेही ठरवावे लागते. ग्राहक महिन्याला दोन लाखांचा माल उचलत असेल आणि मुदत ४५ दिवसांची असेल, तर तीन लाखांचे येणे स्वाभाविक आहे. बाकी पाच लाखांवर गेली, तर एक तर त्याचा व्यापार वाढला आहे किंवा त्याची देणी तुंबली आहेत. हे वेळीच कळावे म्हणून येणे बाकीची यादी दर आठवड्याला तीस, साठ आणि नव्वद दिवसांच्या रकान्यांत पाहावी. नव्या ग्राहकाला आरंभी रोखीने, मग लहान मर्यादेने आणि सहा महिन्यांच्या चोख व्यवहारानंतर वाढीव मर्यादेने माल द्यावा.

मर्यादा ठरवताना स्वतःच्या पेढीची ताकदही मोजावी. सूक्ष्म व लघु उत्पादकांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर घातले आहे. मुदत उलटून ती रक्कम वर्षअखेरीस थकीत राहिली, तर प्राप्तिकरात तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. ही तरतूद २०२३ च्या वित्त कायद्याने आणली. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र विलंबित देयकांबाबतचे हे संरक्षण मिळत नाही. म्हणजे ४५ दिवसांत पैसे देणारा घाऊक व्यापारी ग्राहकाला नव्वद दिवसांची मुदत देतो, तेव्हा मधल्या ४५ दिवसांचा भार तो स्वतःच्या खिशातून उचलत असतो.

नात्यातील उधारी

सर्वांत कठीण पारख परक्याची नसून आपल्याच माणसाची असते. साडूचा मुलगा नवे दुकान काढतो, व्याह्यांचा निरोप येतो, आणि तेथे चौकशी करणे अपमानास्पद वाटते. परिणामी परक्यासाठी असलेले सर्व नियम नातलगासाठी बाजूला ठेवले जातात. पुढे पैसे अडकले की मागणे जड जाते, लग्नकार्यात नजर चुकवली जाते आणि रकमेबरोबर नातेही जाते.

यावर एकच उपाय टिकाऊ ठरला आहे: मदत आणि उधारी यांची खाती वेगळी ठेवणे. आप्ताला हात द्यावयाचा असेल, तर घरातील सर्वांच्या संमतीने, परत न आली तरी चालेल इतकी रक्कम, मदत म्हणून उघडपणे द्यावी. दुकानाच्या मालाला मात्र सर्वांना लागू असलेला नियमच लावावा. हा नियम लेखी असला की नकार कोणा एका व्यक्तीचा राहत नाही. "पेढीची रीतच अशी आहे" एवढे म्हणणे पुरेसे होते.

कागद जपावा

विकलेल्या मालाच्या वसुलीचा दावा साधारणतः तीन वर्षांच्या आत करावा लागतो. त्या मुदतीत ग्राहकाने बाकी मान्य असल्याचे सहीनिशी लिहून दिले, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. म्हणून दरवर्षी ३१ मार्चला प्रत्येक ग्राहकाकडे खातेउतारा पाठवून त्यावर सही घेण्याचा परिपाठ ठेवावा. धनादेश न वटल्यास बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. त्यानंतर १५ दिवसांत पैसे न मिळाल्यास पुढील एका महिन्यात फौजदारी तक्रार करता येते. "आज देतो, उद्या देतो" यावर विसंबून या तारखा हुकल्या, तर हातातील धनादेशाचा धाक उरत नाही.

नकार देण्याचीही एक रीत आहे. उधारी शक्य नसेल, तेव्हा रोखीच्या भावात एक-दोन टक्के सूट देऊ करावी. ज्याला खरोखर व्यापार करावयाचा आहे, तो ही सूट घेतो आणि बहुधा कायमचा ग्राहक होतो. ज्याला केवळ उधारीच हवी होती, तो निघून जातो आणि पेढीचा माल गोदामात सुरक्षित राहतो.