सोमालिया : पावती देणारे बंडखोर

अल-शबाब ही सशस्त्र इस्लामवादी संघटना २००७ पासून सोमालियाच्या सरकारशी लढते आहे. तिला संपवण्यासाठी युगांडा, बुरुंडी, इथिओपिया, केनिया आणि जिबूती या देशांच्या फौजा तिथे उतरल्या. अमेरिकेच्या हवाई हल्ल्यांत २००८ मध्ये आदन हाशी आयरो आणि २०१४ मध्ये अहमद गोदाने हे तिचे म्होरके मारले गेले. तरीही दक्षिण आणि मध्य सोमालियातल्या मोठ्या ग्रामीण भागावर आजही तिचाच हुकूम चालतो.

या लढ्याचे मूळ १९९१ च्या जानेवारीत आहे. १९६९ पासून सत्ता बळकावून बसलेला लष्करशहा सियाद बरे तेव्हा पळून गेला आणि त्याच्याबरोबर राज्ययंत्रणाच नाहीशी झाली. हाविये, दारोद, दिर, रहनवेन अशा कुळांत विभागलेल्या या समाजात प्रत्येक कुळाचे हत्यारबंद सरदार उभे राहिले. वायव्येकडच्या सोमालीलँडने त्याच वर्षी वेगळी चूल मांडली. १९९२ च्या दुष्काळानंतर संयुक्त राष्ट्रांच्या फौजा आल्या. त्यांत भारतीय लष्कराची एक ब्रिगेडही होती आणि १९९३-९४ मध्ये बैदोआ भागाची जबाबदारी तिच्याकडे होती. १९९५ मध्ये या फौजा परतल्या, तेव्हा मागे सरकार असे काही उरले नव्हते.

पण बाजार भरतच होता, आणि बाजार म्हटला की तंटे आले. राजधानी मोगादिशूत मोहल्ल्या-मोहल्ल्यांत धार्मिक न्यायालये सुरू झाली. चोर पकडला जावा, करार पाळला जावा, एवढ्यासाठी व्यापाऱ्यांनी त्यांना पैसा पुरवला. या न्यायालयांच्या संघाने जून २००६ मध्ये सरदारांना हुसकावून राजधानी ताब्यात घेतली आणि अनेक वर्षे बंद असलेले बंदर व विमानतळ पुन्हा खुले केले. त्या संघात मवाळही होते आणि जहालही. त्यांच्यातली ही फूट ओळखून मवाळांशी बोलणी करण्याऐवजी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या पाठिंब्याने इथिओपियाचे सैन्य सोमालियात घुसले. या युद्धातली सर्वांत महागडी चूक हीच. १९७७-७८ च्या ओगादेन युद्धापासून इथिओपिया हा सोमाली माणसाच्या लेखी वैरी. न्यायालयांचा संघ काही दिवसांत कोलमडला, मवाळ नेते परागंदा झाले आणि मैदानात उरली ती तरुणांची जहाल तुकडी, म्हणजेच अल-शबाब. परक्या सैन्याविरुद्ध लढणारे म्हणून तिला आयतीच प्रतिष्ठा मिळाली.

२००९-१० पर्यंत जवळजवळ सारा दक्षिण सोमालिया आणि राजधानीचा मोठा भाग तिच्याकडे गेला. या अमलाचे खरे रूप २०११ च्या दुष्काळात दिसले. अल-शबाबने अन्न घेऊन येणाऱ्या संस्थांना मज्जाव केला आणि उपाशी माणसांना गाव सोडून जाण्यापासूनही अडवले. अमेरिकेच्या दहशतवादविरोधी कायद्यांच्या धास्तीनेही मदत आखडली. सुमारे २ लाख ६० हजार माणसे मेली. त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुले होती. पाऊस चुकला हे खरे, पण एवढी मुले केवळ पावसाअभावी मेली नाहीत.

धर्माच्या नावाने लढणाऱ्या या संघटनेचा सोमाली लोकांच्या धर्माशीही झगडा आहे. तिथला इस्लाम परंपरेने सूफी वळणाचा. संतांच्या कबरींवर जाणे, नवस करणे, उरूस भरवणे हे सारे त्यात आहे. मराठी माणसाला हे परके नाही. तंजावरच्या मराठा राजांचा नागोरच्या दर्ग्यावर एवढा लोभ होता, की तिथला सर्वांत उंच मिनार प्रतापसिंह राजांनी बांधला. सोमालियात अल-शबाबने अशा कबरी फोडल्या. तेव्हा सूफी पंथीयांनी ‘अहलु सुन्ना वल-जमा’ या नावाने हत्यार उचलले.

ऑगस्ट २०११ मध्ये अल-शबाबने मोगादिशूतून माघार घेतली. पुढच्या वर्षी ती उघडपणे अल-कायदात सामील झाली आणि त्याच वर्षी किस्मायो हे बंदरही तिच्या हातून गेले. शहरे गेल्यावर घातपात वाढले. नैरोबीच्या वेस्टगेट मॉलमध्ये २०१३ साली ६७ जण मारले गेले. त्यांत भारतीय वंशाची माणसेही होती. २०१५ मध्ये केनियातल्या गारिसा विद्यापीठात १४८ बळी गेले. १४ ऑक्टोबर २०१७ रोजी मोगादिशूच्या गजबजलेल्या चौकात ट्रकबॉम्ब फुटून ५८७ माणसे मेली. त्या स्फोटाची जबाबदारी संघटनेने कधीच घेतली नाही. मोगादिशूचे लोक रस्त्यावर उतरले होते. त्यांचा राग बहुधा तिलाही झेपणारा नव्हता.

एवढे करूनही ती टिकते, याचे उत्तर नाक्यांवर सापडते. सरकारी पट्ट्यात ट्रकवाल्याला सैनिक, पोलीस आणि कुळाची टोळी असे एकामागून एक सगळे अडवतात आणि प्रत्येकाच्या हातावर पैसे ठेवावे लागतात. अल-शबाबच्या नाक्यावर एकदाच कर द्यायचा आणि पावती घ्यायची. पुढच्या नाक्यावर ती दाखवली की गाडी सुटते. शेतकऱ्याकडून पिकाचा वाटा, पशुपालकाकडून जकात म्हणून उंट-शेळ्या आणि बंदरावरच्या मालावर पट्टी, अशी वसुली चालते. राजधानीतले व्यापारीही गुपचूप भरणा करतात, कारण नकार देणाऱ्याचा जीव जातो. संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांच्या अंदाजाने हे उत्पन्न वर्षाला सुमारे १० कोटी डॉलर आहे. जमिनीच्या तंट्यासाठी सरकारी हद्दीतले लोकही तिच्या न्यायालयात जातात. तिथे निकाल लवकर लागतो, लाच चालत नाही आणि हरलेला पक्ष निकाल धुडकावू शकत नाही. त्याच व्यवस्थेत हात तोडण्याच्या आणि दगडांनी ठार मारण्याच्या शिक्षाही होतात आणि कोवळ्या पोरांना सक्तीने लढायला नेले जाते. लोक तिच्याकडे जातात ते दुसरे दार उघडे नसल्यामुळे.

२०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हसन शेख मोहमूद यांनी मोठी मोहीम उघडली. तिला बळ दिले ते वसुलीला कंटाळलेल्या हाविये कुळांनी. लुंगी नेसलेले, स्वतःच्या बंदुका घेतलेले गावकरी सैन्याच्या पुढे चालले. डिसेंबरमध्ये आदान याबाल हे अल-शबाबचे महत्त्वाचे ठाणे पडले. पण जिंकलेल्या गावांत पुरेसे पोलीस आले नाहीत, न्यायाधीश आले नाहीत, दवाखाना उघडला नाही. लढलेल्या गावकऱ्यांना संरक्षणही मिळाले नाही. एप्रिल २०२५ मध्ये अल-शबाबने आदान याबाल परत घेतले.

राजधानीतले राजकारणी या वेळी निवडणुकीच्या पद्धतीवरून आणि राज्यघटनेतल्या बदलांवरून भांडत होते. पुंटलँड आणि जुबालँड या घटक राज्यांचे केंद्राशी फाटले आहे. किनाऱ्यावरही राज्याची पकड ढिली आहे. अल-शबाबशी संबंध नसलेल्या चाच्यांनी तिथे पुन्हा डोके वर काढले. मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाने पकडलेले असे ३५ चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले. आफ्रिकी संघाची नवी शांतिसेना जानेवारी २०२५ पासून तैनात आहे, पण सैनिकांच्या भत्त्यांसाठी लागणारा पैसा कोणी द्यायचा हा वाद देणगीदार देशांमध्ये पहिल्या दिवसापासूनच सुरू झाला.