भिजलेलं रान, तहानलेलं पीक

दौंड तालुक्यात राहू-खामगावच्या बाजूला, मुळा-मुठेच्या काठचं एखादं उसाचं रान एप्रिल-मे महिन्यात जवळून पाहा. पाणी देऊन दोन दिवस झालेत, सरीत ओल आहे. तरी वरंब्याच्या माथ्यावर मीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर आलाय आणि उसाचं पान शेंड्याकडून, कडेकडून करपत आत चाललंय. पाणी कमी पडलं असं वाटून आणखी एक पाळी दिली जाते. पान आणखी करपतं.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. पाणी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे जातं. एरवी मुळातला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी मुळात शिरतं. मातीतच क्षार साठले की ही ओढ मंदावते. रान भिजलेलं आणि पीक तहानलेलं, अशी स्थिती येते. जे क्षार तरीही आत शिरतात, ते पाण्याबरोबर पानापर्यंत पोचतात. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहतात. म्हणून पान आधी शेंड्याला आणि कडेला करपतं.

हे क्षार येतात कुठून? बरेचसे पुण्याच्या मोऱ्या-न्हाणीघरांतून. साबण, धुण्याची पावडर, खाण्यातलं मीठ, मलमूत्र, सगळं पाण्यात विरघळून खाली येतं. पुण्यातल्या मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, हेच वापरलेलं पाणी जुन्या मुठा कालव्यात, म्हणजे इथल्या भाषेत बेबी कालव्यात, हवेली-दौंडच्या शेतीसाठी सोडलं जातं. ते शुद्ध करूनच सोडलं पाहिजे, यात वाद नाही. पण नेहमीचं मैलाशुद्धीकरण केंद्र घाण कुजवतं, गाळ बसवतं, जंतू मारतं. विरघळलेलं मीठ त्यातून जसंच्या तसं पुढे जातं. पाणी नितळ दिसलं म्हणजे ते पिकाला मानवेल, असं नाही.

आता हिशेब करू. लिटरमागे एक ग्रॅम क्षार असलेलं पाणी चवीला फारसं खारट लागत नाही. उसाला वर्षाला एकरी ऐंशी लाख लिटर पाणी दिलं, तर त्यातून आठ टन क्षार रानात येतात. ते धुऊन न्यायला दमदार पाऊस आणि चांगला निचरा लागतो. दौंड-शिरूरचा बराचसा भाग पर्जन्यछायेत, पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. आणि नदीकाठची काळी माती पाणी सहजासहजी खाली सोडत नाही.

क्षारांत सोडियम जास्त असेल तर जमीन चोपण होते. मातीच्या कणांना एकत्र धरणाऱ्या कॅल्शियमला सोडियम हुसकावून लावतं. कण सुटे होतात, पोकळ्या बुजतात. ओली असताना चिकट, वाळली की दगड. मुळांना हवाच मिळत नाही. जिप्समने कॅल्शियम परत येतं, पण सुटलेलं सोडियम वाहून जायला चर हवेतच. चर न काढता जिप्सम टाकणं हा वाया गेलेला खर्च आहे. फुले २६५ हा ऊस अशा जमिनीत तग धरतो, म्हणून शेतकऱ्यांनी तो आपलासा केला. पण त्याने जमीन सुधारत नाही.

कुरकुंभ आणि रांजणगाव औद्योगिक वसाहतींच्या आसपास विहिरींच्या पाण्याबद्दल तक्रारी जुन्या आहेत. कारखान्याच्या सांडपाण्यात जड धातू असू शकतात आणि त्यांची रीत वेगळी. झाडाला जस्त लागतं. कॅडमियम रूपाने त्याच्यासारखं, म्हणून जस्ताच्याच वाटेने मुळात शिरतं. आपली चुनखडीयुक्त जमीन असे बरेच धातू धरून ठेवते, ही जमेची बाजू. तरीही पालकासारख्या पालेभाज्यांत ते उतरू शकतात, आणि पान वरून हिरवंगार दिसतं. क्षाराने करपलेला ऊस निदान डोळ्यांना सांगतो तरी.

म्हणून पुढची खताची गोणी घेण्याआधी विहिरीचं पाणी तपासून घ्या. पावसाळ्यानंतर नको, मे महिन्यात घ्या. तेव्हाच ते सर्वांत वाईट असतं. मोटार पंधरा मिनिटं चालू द्या, प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने विसळून भरा आणि बारामती किंवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. अहवालात ईसी, म्हणजे पाण्यातल्या एकूण क्षारांचा अंदाज देणारा आकडा, ०.७ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या आत असेल तर क्षारांच्या एकूण प्रमाणाची काळजी नको; सोडियम आणि धातू मात्र त्यातून कळत नाहीत. ३ च्या वर असेल तर ते पाणी दुसरं चांगलं पाणी मिसळल्याशिवाय रानात सोडू नका.