पेडणे-डिचोलीचा इतिहास कोणत्या बाजूने लिहायचा?

१७४६ च्या मे महिन्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयने सावंतवाडीकर भोसल्यांचा हळर्ण किल्ला घेतला आणि पुढे हळर्णवरूनच 'आलोर्नाचा मार्किस' ही पदवी मिळवली. पेडण्यातलं एक गाव लिस्बनच्या सरदारघराण्याच्या नावात जाऊन बसलं. त्या गावात तेव्हा शेत कोण कसत होतं, हे मात्र बराच काळ कुणी विचारलं नाही.

पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेले. पेडण्याचा व्यवहार १७८८ च्या तहाने पक्का झाला. बार्देश-सासष्टीनंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, त्यामुळे इथल्या रीतिरिवाजांना राज्यकर्त्यांनी हात लावला नाही, ते टिपून घेतले. एकोणिसाव्या शतकात फिलिप नेरी शाव्हियर यांनी नव्या काबिजादींसाठी, म्हणजे उशिरा जिंकलेल्या या महालांसाठी, निघालेले हुकूम आणि गावकाऱ्यांचे, म्हणजे गावसंस्थांचे, कायदे संकलित केले. मोलाचं काम, पण गरज कचेरीची होती.

खरी उडी घेतली पांडुरंग पिसुर्लेकरांनी. १८९४ साली सत्तरीतल्या पिसुर्ले गावी जन्मलेला हा माणूस गोव्याच्या दफ्तरखान्याचा प्रमुख झाला. १५९५ साली ज्या दफ्तराची जबाबदारी बखरकार दियोगु दु कोतुकडे आली, त्याच दफ्तरातून पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज राजनीतीतले हिंदू वकील, दुभाषे, हेर बाहेर काढले. १९६७ चा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' आजही हाताशी ठेवावा लागतो. तरी दरबारी पत्रांत कुळं बोलत नाहीत. पिसुर्लेकरांच्या पानांवर डिचोली येते ती बहुतेक फौजेच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून.

गोवामुक्तीनंतर दामोदर कोसंबींनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'त (१९६२) आणि तेओतोनियो द सोझांनी 'मिडीव्हल गोवा'त (१९७९) गावगाड्याकडे मोर्चा वळवला. दोघांचाही भर जुन्या काबिजादींवर, म्हणजे बार्देश-सासष्टीकडच्या मुलखावर. जिथे गावकारीचे कागद भरपूर, तिथेच इतिहासकार थांबतो, ही आपल्या विद्याशाखेची जुनी खोड.

नव्या काबिजादींना स्वतःचा आवाज मिळाला तो प्रतिमा कामत यांच्या 'फारार फार'मुळे (१९९९). सत्तरीच्या राणे घराण्याची बंडं त्यात नुसती शौर्यकथा उरत नाहीत. स्थानिक प्रतिकाराच्या चार शतकांच्या पटावर ती वाचता येतात. पुढे त्यांनी नौकेवर उभ्या असलेल्या तारिणी देवीच्या मूर्ती अभ्यासल्या आणि म्हादई नदीकाठचं जलमार्गांचं जग समोर आलं. देवळं आता पुरावा झाली होती. नार्व्याचा सप्तकोटेश्वर घ्या. दिवाडीहून देव हलवला, १६६८ साली शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला, एवढ्यावर आधीचं लेखन समाधानी असे. पॉल अ‍ॅक्सेलरॉड आणि मिशेल फ्युअर्श यांनी १९९६ च्या लेखात देवांच्या अशा स्थलांतरांकडेच प्रतिकार म्हणून पाहिलं. पेडण्यात जन्मलेल्या दयानंद बांदोडकरांचं राजकारण पराग परोबोंनी २०१५ साली बहुजनांच्या बाजूने मांडलं, तेव्हा जात आणि जमीन टाळणं अवघड झालं.

एवढं होऊनही या मुलखाकडे किती कमी लक्ष असतं, याचा इरसाल दाखला इंग्रजी विकिपीडियाने दिला. १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात 'डिचोली संघर्ष' झाला, असा बनावट लेख तिथे २००७ पासून २०१२ च्या अखेरीपर्यंत होता. तोही 'चांगला लेख' असा शिक्का मिरवत! १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते, हे कुणाच्या ध्यानी आलं नाही. कोकणातल्या शाळकरी पोरानेही पकडलं असतं.

माझ्या मते पुढचं काम तेरेखोल नदीपलीकडून करायचं आहे. पेडणेकराला आरोंदा, बांदा शेजारचे. सोयरिकी तिकडच्या, दशावतारही तिकडचा. पोर्तुगीज बाडांशेजारी सावंतवाडीकडचे मोडी कागद ठेवून वाचले, तर तेरेखोलची हद्द कोणासाठी होती आणि कोणासाठी नव्हती, हे गावागणिक तपासता येईल. त्यासाठी मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही वाचणारी तरुण माणसं हवीत, आणि ती तयार करणं विद्यापीठांचं काम आहे.