ऑफ सीझनची सहल: आधी पाऊस समजून घ्यावा

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि मेअखेरीस संपतो. जून ते सप्टेंबर हे चार महिने ऑफ सीझनचे. या दिवसांत गोव्यात आणि कोकणात खोल्यांचे दर उतरतात, किनारे रिकामे होतात आणि आठवडाभर आधी ठरवूनही मनासारखी जागा मिळते. मात्र दर कमी असण्यामागे कारणे असतात. ती जाणून सहल आखली तर पावसाळा हा या प्रदेशाचा सर्वांत समृद्ध ऋतू ठरतो. न जाणता आखली तर पैसे खोलीत बसून राहण्यातच खर्च होतात.

विदर्भातल्या अनेक कुटुंबांना हाच काळ सोयीचा पडतो. उत्तर नागपुरातल्या जरीपटक्याचे उदाहरण घेता येईल. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी वसवलेली ही व्यापारी वस्ती. लग्नसराईत आणि दिवाळीच्या तोंडावर दुकान सोडणे व्यापाऱ्याला परवडत नाही. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, लग्नाचे मुहूर्त थांबतात, आणि कापड-दागिन्यांच्या बाजाराला नवरात्रापर्यंत थोडी उसंत मिळते. शिवाय उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. त्यामुळे जूनच्या मध्यास, पुण्या-मुंबईची मुले शाळेत गेल्यावरही, नागपूरच्या मुलांना सुट्टी असते.

पाऊस कुठे, किती आणि केव्हा

नागपूरला वर्षाला सुमारे अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. पणजीत तो तीन हजारांच्या आसपास असतो आणि सिंधुदुर्गातल्या आंबोलीत त्याच्याही दुपटीहून अधिक. याचे कारण सह्याद्री. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे या रांगेला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पश्चिम उतारावर आपले बहुतेक पाणी रिते करतात. घाट ओलांडल्यावर पाऊस झपाट्याने कमी होतो. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, तर घाटाखालच्या वाईत हजाराहूनही कमी.

विदर्भाचा पाऊस वेगळ्या वाटेने येतो. बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे मध्य भारतावरून सरकतात तेव्हा नागपूरला दोन-तीन दिवसांची झड लागते आणि मग उघडीप मिळते. कोकणात जुलैमध्ये अशी मोठी उघडीप फारशी मिळत नाही. नागपूरच्या अनुभवावरून गोव्याच्या जुलैचा अंदाज बांधणारा प्रवासी म्हणूनच हमखास फसतो.

महिन्यांचाही फरक मोठा आहे. गोव्यात मोसमी पाऊस साधारणपणे ५ जूनच्या सुमारास पोहोचतो. जूनचा उत्तरार्ध आणि जुलै हे सर्वांत जोराचे आठवडे. ऑगस्टच्या मध्यापासून सरींमध्ये अंतर पडू लागते, आणि सप्टेंबरात हिरवळ तशीच असते पण दिवसाचे अनेक तास कोरडे मिळतात. पहिल्यांदाच पावसाळी सहलीला निघणाऱ्यांनी, विशेषतः वृद्ध माणसे आणि लहान मुले सोबत असतील तर, सप्टेंबर निवडावा. धबधबे आणि धुके हाच हेतू असेल तर जुलैच योग्य.

ज्यांना सुट्टी जुलैतच मिळते आणि भिजायचेही नसते, त्यांच्यासाठी पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. अजिंठा, वेरूळ आणि लोणार इथे पाऊस मध्यम पडतो, डोंगर हिरवे असतात आणि अजिंठ्याच्या वाघूर नदीवर धबधबा वाहता असतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून नागपूरकरांना हा प्रवास सोपा झाला आहे. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

परदेशातही हाच नियम लागू पडतो: देशाचे नाव पाहून भागत नाही, किनारा पाहावा लागतो. श्रीलंकेत मे ते सप्टेंबर पाऊस नैऋत्य किनाऱ्यावर पडतो. त्याच वेळी पूर्वेकडचे त्रिंकोमाली आणि अरुगम बे कोरडे असतात. थायलंडमध्ये फुकेतच्या बाजूला मे ते ऑक्टोबर पाऊस असतो, पण आखातातल्या को सामुईचा मोठा पाऊस ऑक्टोबरनंतर येतो. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तिथला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो, म्हणून आपल्या आषाढ-श्रावणात तिथे गर्दीचा हंगाम असतो आणि दर चढे असतात.

काय बंद असते

पावसाळी सहलीचा आराखडा बंद असलेल्या गोष्टींपासून सुरू करावा. नागपूरकरांच्या जवळचे उदाहरण ताडोबाचे. ताडोबा-अंधारी आणि पेंच या व्याघ्र प्रकल्पांचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटनासाठी बंद असतो. बफर क्षेत्रातली काही प्रवेशद्वारे चालू राहतात, पण गवत वाढल्याने आणि पाणी सर्वत्र असल्याने वाघ दिसण्याची शक्यता उन्हाळ्याच्या तुलनेत बरीच कमी असते.

किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो. गोव्यातल्या जलक्रीडा जूनपासून सप्टेंबरपर्यंत थांबतात आणि किनाऱ्यावरचे बांबू-झावळ्यांचे शॅक उतरवले जातात. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे आणि राजपुरीहून जंजिऱ्याकडे जाणाऱ्या होड्या मेअखेर ते ऑगस्टअखेर बंद असतात. गेट वे ऑफ इंडिया ते मांडवा प्रवासी लाँचही याच काळात थांबतात. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट हवामान पाहून सुरू ठेवली जाते. नेरळ-माथेरान ही छोटी गाडी जूनच्या मध्यापासून चार महिने धावत नाही. अमन लॉज ते माथेरान एवढीच तिची फेरी चालू असते. दूधसागर धबधब्याकडे कुळेहून जाणाऱ्या जीपगाड्या पावसाळ्यात बंद असतात. तो धबधबा ऐन बहरात असतो तेव्हाच त्याच्याकडे जाण्याची वाट बंद असते, आणि रुळांवरून चालत जाणे हा रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहे. मडगावहून लोंढ्याकडे जाणाऱ्या रेल्वेच्या खिडकीतून तो पाहणे हा सुरक्षित मार्ग.

ताज्या मासळीसाठी जाणाऱ्यांनीही तारीख पाहावी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, कारण अनेक माशांचा हा प्रजननाचा काळ आहे. ताटात या दिवसांत खाडीची मासळी, तिसऱ्या आणि सुके मासे असतात. सुरमई-पापलेटची खरी आवक ऑगस्टात, नारळी पौर्णिमेच्या आगेमागे, पुन्हा सुरू होते.

काय फक्त पावसातच मिळते

बंद गोष्टींची यादी लांब असली तरी केवळ पावसातच मिळणाऱ्या गोष्टींची यादी तिच्याहून कमी नाही. २४ जूनला गोव्यात सांजाव साजरा होतो. डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून तरुण विहिरी-तळ्यांत उड्या घेतात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेल येथे देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलात खेळायचा चिखलकाला रंगतो. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावर बोंदेरा हा झेंड्यांचा उत्सव असतो. हे गावाचे सण आहेत, पर्यटकांसाठी उभे केलेले कार्यक्रम नव्हेत. म्हणूनच पाहुण्याने तिथे यजमानाचा मान राखून उभे राहावे.

खाण्यातही पाऊस उतरतो. टाकळा, फोडशी, भारंगी, अळू अशा रानभाज्या आणि वारुळांवर उगवणारी अळंबी या दिवसांत घरगुती खानावळीत मिळतात. आंबोलीच्या जंगलात रात्री टॉर्च घेऊन बेडूक आणि साप पाहण्यासाठी अभ्यासक येतात. साताऱ्याचे कास पठार ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलते; तिथे दिवसाला ठरावीक लोकांनाच प्रवेश असल्याने आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते.

विदर्भातच राहायचे तर चिखलदरा आहे. १,११८ मीटर उंचीवरचे हे विदर्भाचे एकमेव थंड हवेचे ठिकाण नागपूरहून परतवाडामार्गे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पडते. भीमकुंड, देवी पॉइंट आणि गाविलगड जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यात वेढलेले असतात. कॉफीचे मळेही इथे आहेत.

तारखा ठरवताना

ऑफ सीझन सलग नसतो. त्यात गर्दीची बेटे असतात. शनिवार-रविवारी चिखलदऱ्याच्या घाटात आणि लोणावळ्यात वाहनांच्या रांगा लागतात. १५ ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या की दर हंगामाइतकेच चढतात. गणेशोत्सवात चाकरमानी गावी जात असल्याने कोकणच्या गाड्यांची तिकिटे आरक्षण उघडताच संपतात. चवथीच्या दिवसांत गोव्यातली अनेक छोटी दुकाने आणि खानावळी बंद असतात, कारण मालक स्वतःच घरच्या गणपतीत असतात. सोमवार ते गुरुवार हे खरे ऑफ सीझनचे दिवस.

घरचे सणवारही धरावे लागतात. जरीपटक्यातल्या अनेक सिंधी घरांत जुलै-ऑगस्टमध्ये झुलेलालाचे चाळीस दिवसांचे चालिहो व्रत असते. मराठी घरांत श्रावण, पोळा आणि मारबत येतात. खाण्यापिण्याचे नियम पाळणाऱ्यांनी मुक्कामाच्या ठिकाणी त्यांची सोय आधीच विचारून घ्यावी.

प्रवासाची आखणी

नागपूरहून मडगावला जाणारी विशेष गाडी पनवेलमार्गे कोकण रेल्वेवर येते. या मार्गाला पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक असते. ते पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर लागू असे; २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे करण्यात आले. गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो आणि मुसळधार पावसात दिसेनासे झाले की तो ताशी ४० किलोमीटरवर आणला जातो. हा उशीर प्रवाशांच्या जिवाच्या काळजीतून होतो. जुलै २०२४ मध्ये पेडणे बोगद्यात पाणी शिरल्याने आणि काही दिवसांतच खेडजवळ दिवाणखवटी येथे दरड कोसळल्याने ही वाहतूक दोनदा ठप्प झाली होती.

म्हणून पावसाळी आराखड्यात एक दिवस मोकळा ठेवावा. परतीनंतर लगेच दुसऱ्या दिवशी परीक्षा, लग्न किंवा माल उतरवून घेणे असेल तर सहल एक दिवस आधी संपवावी. जोडगाडी किंवा जोडविमान घेताना मध्ये पुरेसे तास ठेवावेत. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि प्रवास करायचा नसेल, तर वेळेत टीडीआर (भाडे परतीचा अर्ज) भरल्यास रेल्वे पूर्ण भाडे परत करते. हवामानामुळे विमान रद्द झाल्यास भाड्याचा परतावा किंवा दुसरे विमान मिळते, पण भरपाई मिळत नाही.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी घाट दिवसाउजेडी पार करावा. निघण्यापूर्वी टायर, वायपर, ब्रेक आणि धुक्यातले दिवे तपासावेत.

मुक्काम

पावसाळ्यात रोज नवे गाव गाठण्याचा हट्ट सोडावा. चार रात्रींत चार ठिकाणे धरली की ओले कपडे आणि बंद रस्ते यांतच दिवस जातात. एक-दोन ठिकाणी बैठक मारून, उघडीप मिळेल तेव्हा जवळपास फिरणे हीच पावसातली रीत.

खोली ठरवताना दरापेक्षा काही प्रश्न महत्त्वाचे आहेत. वीज गेल्यावर जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे का? स्वयंपाकघर या महिन्यांत चालू असते का, की जेवायला बाहेर जावे लागेल? भिंतींना ओल येते का? छप्पर असलेला व्हरांडा आहे का? रस्ता बंद झाल्यास मुक्काम पुढे ढकलता येतो का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी, निदान व्हॉट्सॲपवर तरी घ्यावे. व्हरांडा असलेली साधी खोली पावसात महागड्या बंद खोलीपेक्षा सुखाची असते.

जीव आणि आरोग्य

हवामान विभाग चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला जोरदार, २०४.४ पर्यंतच्या पावसाला अति जोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार म्हणतो. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. लाल इशाऱ्याच्या दिवशी घाट, धबधबा आणि समुद्र तिन्ही टाळावेत. विदर्भातल्या प्रवासासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे वीज पडण्याची सूचना देणारे ॲप उपयोगी आहे.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळातल्या कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना पूल पर्यटकांच्या भाराने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवार होते आणि दोन्ही ठिकाणी गर्दी होती. डोंगरात वर पाऊस पडला की खाली कोरड्या आभाळाखालीही पाणी काही मिनिटांत वाढते, म्हणून प्रवाहाच्या मध्ये उभे राहू नये आणि पूल फोटोसाठी थांबण्याची जागा मानू नये. किनाऱ्यावर लाल झेंडा असताना गुडघाभर पाण्यातही उतरू नये. लाटेची ओढ पायाखालची वाळूच नेते.

साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून पायाला जखम असताना अशा पाण्यात चालू नये. वाढलेल्या गवतातल्या किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. २०१८ मध्ये नागपूर परिसरात त्याची मोठी साथ आली होती. पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट आणि डास पळवणारे मलम एवढ्याने बराच बचाव होतो. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर कुठे फिरलो ते डॉक्टरांना आठवणीने सांगावे.

घर बंद करतानाही पाऊस लक्षात घ्यावा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अनेक घरांत पाणी शिरले. निघण्यापूर्वी गच्चीचे पन्हाळे साफ करावेत, कागदपत्रे उंच कपाटात ठेवावीत, तळमजल्यावरची उपकरणे प्लगमधून काढावीत आणि एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी.